गोल्फची पकड पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर आधी उभे राहणे तपासावे

बडोद्याला लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जे गोल्फचे मैदान आहे, तेथे हिवाळ्याच्या सकाळी भेटणाऱ्या हौशी खेळाडूंमध्ये एक तक्रार इतकी नेहमीची झाली आहे की ती ऐकून आता कोणी मान वर करीत नाही. चेंडू उजवीकडे वळत जातो. कोणीतरी जाणकार पकड नीट करून देतो. दोन-तीन दिवस चेंडू सरळ जातो. आणि पुढच्या रविवारी चार-पाच होल झाले की तोच स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा फटका, परत येतो. त्या वेळी हात पाहिले तर पकड पुन्हा सरकलेली असते. डाव्या हातातील क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठीची, मूठ बोटांतून तळहातात शिरलेली असते, उजवा हात वरून येऊन बसलेला असतो, आणि दोन्ही हात कोणाचा तरी गळा आवळावा तसे आवळलेले असतात.

मी स्वतः एका वर्षात चार वेळा पकड दुरुस्त करून घेतली आणि चारही वेळा ती बिघडली. बत्तीस वर्षे बँकेच्या टेबलाशी पोक काढून बसलेला माणूस क्लब हाती घेतो तेव्हा तो ती बैठक घरी ठेवून येत नाही, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला. माझे आता स्पष्ट मत असे आहे की वारंवार परतणारा पकडीचा दोष हातात सुरूच होत नसतो. खुबे, पाठ आणि खांदे हातांना ज्या जागी नेऊन सोडतात, तेथे जी पकड सोयीची असेल ती हात आपोआप घेतात. आपण ती मोडून दुसरी शिकवली तरी लक्ष जरा ढळताच ते मूळ जागी परततात. म्हणून दुरुस्ती उभे राहण्यापासून करावी लागते. पुढील सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे; डावखुऱ्यांनी ते उलट करून वाचावे.

एक गैरसमज आधीच बाजूला ठेवतो. पकड बिघडली की पुष्कळ जण दोन हात एकमेकांना जोडण्याची पद्धत बदलून पाहतात. जुन्या काळचा गोल्फपटू हॅरी वार्डन याच्या नावाने ओळखली जाणारी, उजवी करंगळी डाव्या हातावर ठेवण्याची पद्धत सर्वाधिक प्रचारात आहे, आणि स्वतः वार्डनने 1896 ते 1914 या काळात सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली. जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स यांनी मात्र करंगळी आणि तर्जनी एकमेकींत अडकवून पकड घेतली, आणि त्यांचेही काही बिघडले नाही. हातांची जोडणी हा सोयीचा आणि बोटांच्या लांबीचा प्रश्न आहे. आपल्या तक्रारीचे मूळ तेथे सापडणार नाही.

मूठ तळहातात का शिरते

हा भाग समजला की अर्धे काम झाले, म्हणून येथे थोडा वेळ थांबावे. घरातील एखादी काठी घ्या आणि ती दोन प्रकारे धरून पाहा. प्रथम तलवार समोर रोखल्याप्रमाणे धरा, म्हणजे हात आणि काठी जवळजवळ एका रेषेत येतील. आता हात उघडून पाहिला तर काठी तळहातातून तिरपी, तर्जनीच्या मुळापासून मनगटाजवळच्या गादीवरून गेलेली दिसेल. मग तीच काठी हातोडीसारखी धरा, म्हणजे हात आणि काठी यांच्यात कोन पडेल. या वेळी काठी बोटांच्या मुळाशी आडवी येते आणि करंगळीखालची मांसल गादी काठीच्या वर बसते. पकडीत कोणताही बदल करण्याचा आपला हेतू नव्हता. फक्त हात आणि काठी यांमधील कोन बदलला, आणि काठीने तळहातातील आपली जागा स्वतःच बदलली.

गोल्फमध्ये हा कोन कोण ठरवते? क्लबचा शाफ्ट, म्हणजे दांडा, जमिनीशी किती कोन करतो हे कारखान्यातच ठरलेले असते. सात नंबरच्या आयर्नचा, म्हणजे मधल्या लांबीच्या लोखंडी क्लबचा, हा कोन साधारण 62 अंश आणि लांबी सुमारे 37 इंच असते. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब सुमारे 45 इंचांचा आणि त्याहून काही अंश अधिक झुकलेला असतो. शाफ्ट ठरलेला आहे, म्हणजे उरला तो हात. आणि हात किती उभा लोंबेल हे आपण खुब्यातून किती वाकलो यावर अवलंबून असते. पुरेसे वाकलो तर हात खांद्याखाली सरळ लोंबतात, शाफ्टशी कोन पडतो आणि मूठ बोटांत येते. ताठ उभे राहिलो, तर चेंडूपर्यंत पोहोचण्यासाठी हात पुढे आणि वर ताणावे लागतात, मनगट करंगळीच्या बाजूला वळते, हात आणि शाफ्ट तलवारीसारखे एका रेषेत येऊ लागतात, आणि मूठ तळहातात शिरते. तळहातात धरलेल्या क्लबवर बोटांचा ताबा कमी राहतो. तो निसटेल या भीतीने आपण तो आवळतो, आवळल्याने मनगटे अखडतात, क्लबचा फेस, म्हणजे चेंडूवर आदळणारी बाजू, वेळेत वळत नाही आणि चेंडू उजवीकडे जातो. शिवाय हात उंच असल्यामुळे क्लबच्या डोक्याची टाच, म्हणजे आपल्याकडची बाजू, उचलली जाते व पुढचे टोक खाली जाते, त्यामुळेही फेस उजवीकडे रोखला जातो.

या दोषाची खूण आपल्या ग्लोव्हमध्येच सापडते. ग्लोव्ह करंगळीखालच्या गादीवर, मनगटाच्या जवळ, झिजून भोक पडत असेल, तर मूठ त्या जागी घासत आहे, म्हणजेच ती तळहातात आहे. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या वर असताना आणि घामाने ग्लोव्ह भिजलेला असताना, अनेक जण याचा दोष उन्हाला देतात. घाम हे कारण काही अंशी खरेही आहे, पण घामाने मूठ निसटायची तर ती सगळीकडे निसटेल, रोज एकाच जागी भोक पाडणार नाही.

वाकावे कोठून

मराठीत आपण सरसकट "कमरेतून वाका" म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो. कंबर वाकली की पाठीचा कणा गोल होतो. गोल्फसाठी वाकायचे ते खुब्यातून, म्हणजे मांडीचे हाड जेथे कटीला जोडले जाते तेथून. बडोद्याच्या तालमींची परंपरा मोठी आहे आणि जुम्मादादा व्यायाममंदिरासारख्या ठिकाणी ज्यांनी लहानपणी बैठका मारल्या, त्यांना पाय वाकवायला सांगितले की ते सवयीने बैठकीत जातात: गुडघे पुढे, छाती उभी, बूड सरळ खाली. व्यायाम म्हणून ती बैठक उत्तम आहे, पण गोल्फला ती उपयोगाची नाही, कारण धड ताठच राहते आणि हात पुढे ताणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आपल्याला हवी ती हालचाल वेगळी आहे. खंडेराव मार्केटमधून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घरी यावे आणि मागचे दार बुडाने ढकलून लावावे, त्या वेळी शरीर जसे मोडते, तशी ती हालचाल: बूड मागे, छाती पुढे झुकलेली, पाठ सपाट, गुडघे केवळ सैल.

हे तपासण्यासाठी भिंतीकडे पाठ करून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभे राहावे आणि बूड भिंतीला टेकेपर्यंत मागे न्यावे. गुडघे आधी पुढे गेले तर बूड भिंतीपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे चूक लपवता येत नाही. दुसरी तपासणी क्लबनेच करावी. शाफ्ट पाठीवर उभा धरून तो डोक्याच्या मागच्या भागाला, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि माकडहाडाला असा तीन ठिकाणी टेकवावा, आणि मग वाकावे. वाकताना डोके सुटले तर मान खाली पडत आहे. माकडहाड सुटले तर पाठ गोल होत आहे. आणि तिन्ही जागा टेकूनही कमरेत मूठ जाईल एवढी पोकळी पडली तर आपण उलट्या टोकाला जाऊन कमरेला नको इतका बाक देत आहोत. हा शेवटचा दोष "पाठ ताठ ठेवा" हा सल्ला फार मनावर घेणाऱ्यांत दिसतो आणि त्यातून कंबरदुखी ओढवते. पोट किंचित आत घेतले की तो बहुधा जातो.

योग्य वाकल्यावर बाजूने पाहणाऱ्याला खांद्याच्या मागच्या कडेपासून सोडलेली सरळ रेषा गुडघ्याच्या वाटीजवळून तळपायाच्या पुढच्या फुगीर भागावर उतरताना दिसेल. वजन टाचांवर नसावे. बोटे आणि टाचा दोन्ही किंचित हलवता आल्या म्हणजे ते जागेवर आहे. मुठीचे टोक आणि मांडी यांच्यात लहान क्लब असताना एक मूठ, आणि ड्रायव्हर असताना अंगठा ताठ ठेवून एक मूठ, एवढे अंतर पडते. माणसागणिक यात फरक पडेल, पण हात लोंबत असतील तर हे अंतर स्वतःच जमते.

उजवा हात वरून येतो तो खांद्यामुळे

क्लबवर उजवा हात डाव्या हाताच्या खाली असतो ही साधी गोष्ट आहे, आणि तिचे परिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाहीत. खाली पोहोचण्यासाठी उजव्या खांद्याला दोनच मार्ग आहेत: तो खाली जाऊ शकतो किंवा पुढे येऊ शकतो. दोन्ही खांदे तराजूसारखे समान ठेवण्याचा आपण हट्ट धरला, तर उजवा खांदा पुढे येतो, खांद्यांची रेषा लक्ष्याच्या डावीकडे वळते, आणि उजवा हात मुठीवर बाजूने न येता वरून झाकण ठेवल्यासारखा येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील खाच मग उजव्या खांद्याकडे रोखलेली न राहता हनुवटीकडे किंवा डाव्या खांद्याकडे वळते. स्विंगही, म्हणजे क्लब फिरवण्याचा मार्गही, बाहेरून आत, डावीकडे कापत येतो. गवतावर उठलेली माती सतत डावीकडे रोखलेली दिसत असेल आणि चेंडू डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल, तर ही साखळी जवळजवळ निश्चित समजावी.

आपल्या गावात बॅट न धरलेला माणूस विरळा, आणि हा दोष क्रिकेटवाल्यांत मला विशेष दिसला. याचे कारण उघड आहे. फलंदाज गोलंदाजाकडे तोंड वळवून उभा राहतो, बॅट शरीराच्या जवळ जवळपास उभी असते आणि खांदे समान ठेवण्याची शिकवण त्याला लहानपणापासून मिळालेली असते. तोच माणूस गोल्फचा क्लब हाती घेतो तेव्हा गुडघ्यांत बसतो, धड ताठ ठेवतो, आणि वर सांगितलेले दोन्ही दोष एकदम घेऊन उभा राहतो. माझ्या शेजारचे एक गृहस्थ चांगले क्लब क्रिकेट खेळलेले आहेत. त्यांचा स्लाइस पकडीवर कितीही मेहनत घेऊन हलेना. उपाय लागू पडला तो असा: खुब्यातून वाकून डावा हात मुठीवर ठेवायचा, उजवा हात उजव्या मांडीवर ठेवून तो गुडघ्याच्या दिशेने चार बोटे खाली सरकवायचा, म्हणजे उजवा खांदा आपोआप खाली जातो, आणि मग तेथूनच हात बाजूने, किंचित खालून, मुठीकडे आणायचा. उजव्या हाताची जागा त्यांना कोणी सांगितली नाही. खांदा खाली गेल्यावर तो वरून येऊच शकला नाही.

पोक असलेल्यांसाठी वेगळा विचार

आता माझ्या स्वतःच्या दोषाविषयी. दोन्ही हातांत एकेक पेन्सिल मुठीत धरून, हात सैल सोडून आरशासमोर उभे राहावे. पेन्सिली सरळ पुढे रोखलेल्या असतील तर खांदे जागेवर आहेत. त्या एकमेकींकडे वळल्या असतील तर खांदे पुढे गोल झाले आहेत आणि दंड आतल्या बाजूला फिरले आहेत. माझ्या पेन्सिली एकमेकींशी गप्पा मारत होत्या.

अशा माणसाचा डावा हात नैसर्गिकपणे लोंबतो तेव्हा हाताची मागची बाजू समोर वळलेली असते आणि वरून पाहिल्यास बोटांच्या मुळाशी असलेल्या तीन किंवा चार गाठी दिसतात. शिकवणारा मात्र नियमाप्रमाणे दोन गाठी दिसतील अशी पकड बसवून देतो. उभे असताना ती टिकते. वेगाने क्लब खाली येताना हात आपल्या नैसर्गिक स्थितीकडे परत फिरतो आणि जाताना फेस उघडत नेतो. नियमाप्रमाणे घेतलेली पकड या शरीरावर स्लाइस निर्माण करते, हे मान्य करायला मला जड गेले.

यावर दोन मार्ग आहेत आणि मी दोन्ही थोडे थोडे अवलंबले. छाती उघडण्याचा व्यायाम, म्हणजे दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून पुढे झुकणे, मी रोज केला आणि खांदे काहीसे मागे गेले. मात्र साठीनंतर पाठ तरुणपणासारखी होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. उरलेल्या पोकासाठी मी पकडच बदलली: फटक्याआधीची उभे राहण्याची स्थिती (सेटअप) घेऊन डावा हात मोकळा लोंबू द्यायचा, तो ज्या दिशेला वळून थांबेल त्याच दिशेने मूठ धरायची, मग गाठी तीन दिसोत की कितीही.

येथेच चष्म्याचा विषय येतो. चाळिशीनंतर दुभिंगी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांना खालच्या काचेतून जमिनीवरील चेंडू धूसर दिसतो, म्हणून ते नकळत हनुवटी छातीत खुपसून वरच्या काचेतून पाहतात. मान पडली की पाठीचा वरचा भाग गोल होतो, खांदे पुढे येतात आणि डाव्या खांद्याला हनुवटीखालून जायला वाट उरत नाही. मी खेळण्यापुरता केवळ दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला. गोल्फवर केलेल्या खर्चात एवढा थोडा खर्च करून एवढा फायदा मला दुसऱ्या कशानेही झाला नाही.

दुरुस्तीचा क्रम आणि मधला त्रासाचा काळ

बहुतेक जण आधी क्लब छातीसमोर उभा धरून पकड घेतात आणि मग चेंडूकडे वाकतात. ज्यांचे उभे राहणे पक्के आहे त्यांना ते चालते. ज्यांची पकड सरकते त्यांनी काही आठवडे क्रम उलटा ठेवावा: पाय, मग खुब्यातून वाकणे, मग हात मोकळे लोंबू देणे, मग डावा हात जेथे लोंबत आहे तेथे मूठ आणणे, आणि शेवटी उजवा हात. घरी आरशासमोर, चेंडूशिवाय, रोज दहा मिनिटे एवढे पुरेसे आहे. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, गेल्यावर पहिले काही दिवस अर्ध्या स्विंगपलीकडे जाऊ नये.

या काळात चेंडू डावीकडे जाऊ लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. उघडा फेस सावरण्यासाठी शरीराने वर्षानुवर्षे डावीकडे ओढण्याची सवय लावून घेतलेली असते. फेस सरळ झाला तरी ती सवय लगेच जात नाही. नेमक्या याच वेळी घाबरून लोक जुन्या पकडीकडे परततात. डावीकडे गेलेला चेंडू न वळता सरळ रेषेत जात असेल, तर हातांना हात लावू नये. खांद्यांची रेषा तपासावी.

उभे राहणे सुधारूनही फरक पडत नसेल, तर साहित्याकडे वळावे. डाव्या हाताने मूठ धरल्यावर मधली दोन बोटे अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकली पाहिजेत. ती रुतत असतील तर मुठीवरचे रबर बारीक आहे, आणि मध्ये फट राहत असेल तर जाड. झिजून गुळगुळीत झालेले रबर कोणतीही पकड टिकू देत नाही; पावसाळ्यात ते साबणाच्या पाण्याने धुवावे आणि नियमित खेळणाऱ्यांनी वर्षाकाठी बदलावे. फार उंच किंवा फार बुटक्या व्यक्तीने दुकानातील तयार सेट घेतला असेल, तर लांबी आणि शाफ्टचा कोन जाणकाराकडून तपासून घ्यावा, कारण आखूड क्लब माणसाला पोक काढायलाच लावतो. वाकताना कळ येत असेल किंवा बोट अडकत असेल, तर प्रश्न डॉक्टरांचा आहे.

दुरुस्ती टिकली की नाही हे पाहण्यासाठी मी जुना भोक पडलेला ग्लोव्ह पिशवीत ठेवून दिला आहे आणि दर महिन्याला नवा त्याच्याशेजारी पालथा घालून पाहतो. पहिल्या दोन महिन्यांत नव्या ग्लोव्हच्याही टाचेशी, म्हणजे मनगटाजवळच्या गादीवर, चमक दिसू लागली होती. सध्याचा ग्लोव्ह शेवटच्या तीन बोटांच्या मुळाशी सारखा काळवंडला आहे आणि टाचेची शिवण अजून पांढरी आहे.